सुलटं खापर

नाना, तुमच्या दालनातलं खापर परवा मी पालथं केलं. काचेच्या बाजूचं छोटं दार उघडून, ओढणी कमरेला बांधून, गुडघ्यांवर बसून, स्वतःच्या हाताने. तुम्ही गेल्यावर तुम्हाला लिहायला मी कधी बसले नव्हते. आज बसले आहे ती भांडायला. तुम्ही होता तेव्हा ते जमलं नाही. तुमच्याशी भांडायच्या वयाला मी नुकती येत होते, माझं बारावीचं वर्ष होतं, आणि तुम्ही निघून गेलात. ते भांडण तसंच राहिलं आणि इतकी वर्षं मी त्याला तुमची आठवण म्हणत आले.

आधी खापराचं सांगते, म्हणजे तुम्हाला विसरलो म्हणायची सोय राहायला नको. खापर म्हणजे मातीचं गोल, पसरट भांडं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ते चुलीवर पालथं घालतात, तोंड खाली आणि बूड वर. ते तापलं की पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरायचा आणि त्या बुडावर टाकायचा, की मांडा होतो. धुळ्याकडे काय, जळगावकडे काय, हे शाळेत शिकवावं लागत नाही. सुलटं ठेवलं की ते नुसतं मडकं. त्यावर काही भाजता येत नाही. आणि तुम्ही जळगावच्या त्या संस्थेच्या दालनात जे खान्देशी स्वयंपाकघर उभं केलंत, त्यात चुलीवर खापर सुलटं ठेवलंत. त्यात थर्माकोलचे मांडे घडी करून ठेवलेत, वरून पिवळा रंग मारून. ते खापर आईचं होतं. तिच्या आईने तिला दिलेलं, वर्षानुवर्षं तापून काळंभोर झालेलं, ज्याला मांडा कधी चिकटला नाही. चार दिवसांसाठी म्हणून मागून नेलंत. ते परत आलं नाही. आईने बाजारातून नवं आणलं आणि त्या आखाजीला तिचे पहिले सगळे मांडे फाटले.

माहीत नसल्यामुळे चुकलं असतं तर मला इतका राग आला नसता. पण तुम्हाला माहीत नाही असं प्रदर्शनातलं काय होतं? माझी पहिली शाळा तुम्हीच होता. लहानपणी मला दम्याचा त्रास होता म्हणून शाळेत उशिरा घातलं, आणि तोवर तुमच्याबरोबर मी तालुक्यातालुक्यांतली कृषी प्रदर्शनं हिंडले. अक्षरं मी पाटीवर शिकले नाही. तापलेल्या तारेने तुम्ही थर्माकोल कापायचात आणि मी जमिनीवर अक्षरं लावायची. त्यामुळे मला क यायच्या आधी प्र आला, कारण प्रत्येक कमानीवर 'प्रदर्शन' असायचं. पुढे शाळेत बाई म्हणाल्या, हिला जोडाक्षरं येतात पण बाराखडी येत नाही, आणि तुम्ही घरी येऊन ते सगळ्यांना हसून सांगितलंत. मोजमाप तुमच्या लाकडी घडीच्या फुटाने शिकले. उजेड कुठून यावा हे हॅलोजनच्या दिव्यापुढे हात धरून शिकले. मांडणी झाली की तुम्ही मला घेऊन रिकाम्या प्रदर्शनातून फिरायचात. आधी स्वतःच्या उंचीने, मग मला कडेवर घेऊन एका बाजूला कलत, बायका चालतात तसे, आणि शेवटी उकिडवे होऊन माझ्या उंचीने. "इथून काय दिसतं तुला?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायची, "टेबलाचे पाय." मग तुम्ही तक्ता खाली घ्यायचात. कुठल्या म्हाताऱ्याची मान कुठे अवघडेल, कुठली बाई कुठल्या पायरीशी थांबून मुलाला दुसऱ्या कडेवर घेईल, हे तुम्हाला आधी कळायचं. आज मी जे शिकवते ते सगळं त्या उकिडव्या फेरीतून आलेलं आहे. बघणाऱ्याची इतकी कदर असलेला माणूस पुढे जे वाक्य बोलला, ते तो बोलूच कसा शकला, यावर माझं डोकं फिरतं.

जळगावच्या दालनाच्या उद्घाटनाच्या आदल्या दुपारी संस्थेचे साहेब येतात. मी चुलीजवळ बसले आहे, वांग्यांना तार बांधायला तुम्हाला मदत करते आहे. प्रदर्शनात सुटी वस्तू ठेवायची नाही, हा तुमचा नियम. लिंबूसुद्धा तुम्ही तारेने आणि सरसाने बसवायचात. खापर चुलीवर पालथं आहे, जसं असतं तसं. साहेब बघतात आणि म्हणतात, "हे पालथं भांडं काय हो? उद्घाटनाला पाहुणे यायचेत. पालथं भांडं बरं दिसत नाही. सरळ करा, त्यात काहीतरी ठेवा, भरल्यासारखं दिसलं पाहिजे." मी तुमच्याकडे बघते. मला वाटतं, आता तुम्ही सांगाल. साहेब खान्देशातलेच आहेत, त्यांच्या घरीही आखाजी होते, एक वाक्य पुरेल. तुम्ही म्हणता, "हो साहेब." आणि मला म्हणता, "जा, तो थर्माकोलचा तुकडा आण."

दुसऱ्या दिवशी आई येते, लग्नातली जांभळी साडी नेसून, गल्लीतल्या दोघी बायकांना घेऊन. तिला तिचं खापर दाखवायचं आहे. ती काचेपुढे उभी राहते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "ओ, मन्हं खापर सुलटं कसाले ठेयं?" तुमचं खापर नव्हे, आमचं नव्हे, माझं. लोक वळून बघतात. एकजण हसतो. तुम्ही तिचं कोपर धरून तिला बाजूला घेता आणि दातांतल्या दातांत म्हणता, "गप ऱ्हाय. देखणाराले काय समजस?"

बघणाऱ्याला काय कळतंय. आई तेव्हा बघणारीच होती, नाना. त्या अख्ख्या दालनात त्या दिवशी नीट बघणारी तेवढी एकच होती, आणि तुम्ही तिला गप केलंत. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि एरंडोल, पारोळा, पार धुळ्यापर्यंत तुमच्याशी बोलली नाही. तुम्ही मला म्हणालात, "पाटी देखी का? पितळी शे." दालनाच्या भिंतीवर तुमच्या नावाची पाटी लागली होती, 'रचना व मांडणी' आणि खाली तुमचं नाव. तुमची बाकी सगळी कामं चार-आठ दिवसांची असायची; प्रदर्शन संपलं की कापड गुंडाळलं, बांबू उतरवले, झालं. एवढी एकच जागा, जिथे तुमचं नाव खिळ्यांनी ठोकलेलं आहे.

आता माझं सांगते. मी धुळ्याच्या देवपुरातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी ऑर्डर निघते तेव्हा मी शिक्षिका असते आणि ती निघेपर्यंत कोणी नसते. चौथ्या वर्षाला मी प्रदर्शन-मांडणी घेते. माझ्या वर्गात एका शब्दाला बंदी आहे: छान. कुठलंही प्रदर्शन बघून आलात की छान म्हणायचं नाही. तीन गोष्टी विचारायच्या. ही वस्तू इथे कोणी ठेवली, कोणासाठी ठेवली, आणि ठेवताना काय बाजूला सारलं. मुलं मला वैतागतात. एकाने गणपतीत विचारलं, "मॅडम, आरास बघायला गेलो तरी हेच विचारायचं का? मंडळवाले मारतील." मी म्हटलं, मनात विचार. तो म्हणाला, "मनात विचारलं की तोंडावर दिसतं मॅडम, तुमच्या दिसतं तसं."

या वर्षी संस्थेचं पत्र आलं की दालन जुनं झालंय, कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी पाहणी करून नवी मांडणी सुचवावी. प्राचार्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. मी नाही म्हणू शकले असते. तुमचं नाव आहे म्हणून मी बाजूला झाले असते तरी ते योग्यच दिसलं असतं. दोन दिवस मी तेच ठरवत होते. मग वाटलं, बाजूला होणं हेही गप राहणंच आहे. मुलांना घेऊन जळगावला गेले. त्यांना काही सांगितलं नाही. पाटीजवळ मी मुद्दाम उभी राहिले नाही, आणि माझं आडनाव तर आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतं.

दालन तसंच आहे. काच थोडी पिवळी झाली आहे. स्वयंपाकघरातल्या पुतळीची साडी विटली आहे, तिचा एक हात पुढे केलेला आणि रिकामा. चुलीवर खापर, सुलटं, आत तुमचे मांडे, रंग उडून थर्माकोलचे दाणे दिसणारे. मुलं शीटवर लिहीत होती, फोटो काढत होती. मी एका कोपऱ्यात उभी राहून वाट बघत होते. कोणीतरी म्हणेल. या मुलांतली निम्मी शिरपूर, साक्री, शिंदखेड्याकडच्या गावांतली आहेत, यांच्या घरी आखाजी माझ्याहून मोठी होते. तास गेला. कोणी काही म्हणालं नाही. बाहेर चहा घेताना सगळ्यांचं एकमत झालं होतं की सर्क्युलेशन, म्हणजे लोकांची ये-जा, ठीक आहे, लायटिंग बदलायला हवं आणि स्वयंपाकघर हा सेल्फी पॉइंट म्हणून ठेवावा.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मी शीटं भिंतीवर लावली आणि विचारलं, "चुलीवर काय होतं?"

"मडकं."

"खापर," मागून कोणीतरी म्हणालं.

"कसं होतं?"

मग साक्रीकडची एक मुलगी, जी कधी स्वतःहून बोलत नाही, म्हणाली, "सुलटं होतं, मॅडम."

"तुला कधी दिसलं?"

"आत गेल्या गेल्या."

"मग शीटवर का नाही?"

ती पेन्सिलीला टोक काढत राहिली. "मला वाटलं, प्रदर्शनात असंच ठेवत असतील."

"आमच्या घरी पण मांडे करतात," दुसरा म्हणाला. "मला वाटलं, जळगावकडे सुलट्यावर करत असतील."

"जळगाववाल्यांचं काही सांगता येत नाही," कोणीतरी म्हणालं आणि अख्खा स्टुडिओ हसला. एक-दोन जळगावची मुलं आहेत, ती सगळ्यात जोरात हसली. मला हसता आलं नाही. म्हणजे यांना दिसलं होतं, नाना. निम्म्या वर्गाला दिसलं होतं. ज्या मुलीने लहानपणापासून आजीच्या शेजारी बसून पालथं खापर तापताना पाहिलं, तिने काचेपुढे उभं राहून स्वतःच्या डोळ्यांपेक्षा काचेवर विश्वास ठेवला. छापलेली पाटी आहे, दिवा सोडलेला आहे, म्हणजे हेच खरं असणार आणि आपलं घरचं चुकीचं. तुम्ही आणि साहेबांनी मिळून त्या मुलीला हे शिकवलंत, ती जन्मायच्या आधी. मी चौथ्या वर्षात तिला तीन प्रश्न शिकवते म्हणून मोठ्या तोऱ्यात फिरते. तुमचा धडा तिला माझ्या किती आधी मिळाला होता.

आणि तेवढ्यात तो गणपतीवाला मुलगा म्हणाला, "पण मॅडम, खरं सांगू का, बघणाऱ्याला काय कळतंय? लोक येतात, फोटो काढतात, जातात."

मला वाटलं तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. मी म्हटलं, "ज्याने ते दालन केलं, तोही हेच म्हणाला होता."

"ओळखता तुम्ही त्यांना?"

"माझे वडील."

मग जे झालं त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मुलं एकदम मऊ झाली. "तसं काम छान आहे मॅडम," एकजण म्हणाला. "त्या काळाच्या मानाने छानच आहे," दुसरी म्हणाली. ज्या शब्दाला वर्गात बंदी होती तो त्यांनी मला दयेपोटी दिला. मी हातातली पट्टी टेबलावर आपटली. म्हटलं, "माझ्या वडिलांना छान म्हणू नका. त्यांनी ते चुकून केलेलं नाही. ते माहीत असून केलंय, आणि माहीत असून केलेल्या गोष्टीची पाहणी कशी करायची ते आता शिका." आवाज चढला होता. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले.

पण त्यानंतर मुलांनी जे काम केलं तसं कुठल्या वर्षी झालं नव्हतं. पुतळीचा हात रिकामा का आहे, ती चुलीपासून इतकी लांब का बसली आहे, ती कोणाकडे बघते, ती काचेबाहेरच्या पाहुण्याकडे बघून हसते आणि चुलीकडे तिचं लक्षच नाही, हे सगळं त्यांनी पुन्हा जाऊन टिपलं. नुसतं खापर पालथं करून भागणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. चूक गुपचूप दुरुस्त केली तर तीही लपवाछपवीच. शेजारी पाटी लावायची. मजकूर त्या साक्रीच्या मुलीने लिहिला: हे खापर या दालनात बरीच वर्षं सुलटं ठेवलेलं होतं. मांडे पालथ्या खापरावर होतात. तुमच्या लक्षात आलं होतं का? आलं असेल, तर तुम्ही कोणाला सांगितलंत?

"कोणी ठेवलं तेही लिहायला पाहिजे," एकजण म्हणाला.

"म्हणजे खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते ठरवा," गणपतीवाला म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याने जीभ चावली. मी त्याला म्हटलं, बरोबर बोललास, आधी तेच ठरवायचंय. उद्घाटनाच्या आदल्या दुपारचं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी लिहिलं, 'संस्थेच्या सूचनेवरून.' मी ते तसंच ठेवलं.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. चांगला माणूस आहे, मला लागू नये म्हणून आधी चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, संस्थेचे साहेब आपल्या कमिटीवर आहेत. तुमची पुढच्या वर्षाची ऑर्डर अजून निघायचीय. बरं, ते जाऊ द्या. तुमच्या वडिलांचं नाव आहे तिथे. मुलगी बापाचं नाव मोठं करते, तुम्ही काय करताय?" मी म्हटलं, "सर, मी त्यांचं काम तपासतेय." ते म्हणाले, "कोणी सांगितलंय?" तुमचं नाव असलेली जगातली एकमेव पाटी, आणि तिच्या शेजारी मी त्यांची चूक सांगणारी पाटी लावायला निघाले होते. त्या आठवड्यात मला पुन्हा दमा लागला. मी रोज ठरवायची की मजकूर मागे घेऊ, आणि रोज स्टुडिओत गेलं की ती मुलगी अक्षरांची उंची मोजताना दिसायची, उकिडवी बसून, लहान मुलाला वाचता येईल का ते बघत. हे मी तिला शिकवलं होतं. तुम्ही मला.

जळगावच्या बैठकीला साहेब आले. खूप म्हातारे झालेत, काठी घेऊन चालतात. मुलांनी शीटं दाखवली. खापराचं शीट आलं. साहेबांनी चष्मा वर करून बघितलं.

"सुलटं आहे का ते? हां, आहे खरं."

साक्रीची मुलगी म्हणाली, "साहेब, उद्घाटनाला पालथं भांडं बरं दिसत नाही म्हणून तसं ठेवलं होतं, असं मॅडम म्हणाल्या."

"असं कोण म्हणालं होतं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटतं त्यांना तुम्ही आठवलात. मग ते म्हणाले, "मग करा की पालथं. कोणी अडवलंय?"

कोणी अडवलंय. एवढंच होतं, नाना. तेव्हाही एवढंच असणार. तुम्ही त्या दुपारी म्हणाला असता, साहेब, मांडे पालथ्यावरच होतात, तर हा माणूस म्हणाला असता, असं का, मग राहू द्या. ज्याच्या भीतीने तुम्ही आईला गप केलंत त्याला ती गोष्ट आठवतही नव्हती.

पण पाटीवर ते अडले. 'संस्थेच्या सूचनेवरून' काढा, म्हणाले. मुलं अडून बसली. साहेब मुलांवर चिडले नाहीत, मला म्हणाले, "हे बघा, बाई. चूक सांगणारी पाटी लावायची तर लावा. मी नाही म्हणत नाही. पण संस्थेचं नाव त्यात येणार नाही. मग खाली तुमच्या वडिलांची पाटी आहे, लोक काय ते समजून घेतील. नाहीतर नुसतं खापर फिरवा आणि विषय सोडा. तुम्हीच सांगा." सगळे माझ्याकडे बघत होते. ती मुलगी खाली बघत होती, मला अवघड वाटू नये म्हणून. मी म्हटलं, "लावा." ऑर्डरचं मी विचारलं नाही, अजून निघालेली नाही.

म्हणून परवा मी गेले. पाटी मुलांनी आधीच बसवली होती, तुमच्या पितळी पाटीच्या वर, हातभर अंतरावर. कोणीही वाचलं की दोन्ही एकत्रच वाचेल. खापर मात्र मी फिरवणार असं मी सांगून ठेवलं होतं. बरोबर खरवडायला पातळ पत्र्याची पट्टी, पाण्याची बाटली, कापड, सगळं नेलं होतं, कारण तुमचं काम मला माहीत आहे. आधी वांगी बघितली, हलत नाहीत. पळी भिंतीला तारेने आवळलेली. पाटा खाली पक्का. पुतळीच्या बांगड्यासुद्धा मनगटाला चिकटलेल्या. म्हटलं, खापर फुटणार आता, आईचं खापर माझ्या हातून फुटणार. पाय रोवले, दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावून ओढलं, आणि मी मागे पडले. ते सुटं होतं.

सुटंच होतं, नाना. सरस नाही, तार नाही, काही नाही. खाली कापडाची चुंबळ करून तिच्यावर नुसतं ठेवलेलं, जसं बायका रिकामी घागर ठेवतात. आत हात घातला तर तुमचे मांडेही सुटे, एकावर एक नुसते रचलेले. अख्ख्या स्वयंपाकघरात तेवढं एकच तुम्ही बसवलं नव्हतं.

मी तिथेच बसून राहिले, खापर मांडीवर घेऊन. वेळ झाला नसेल म्हणून राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण चुंबळ वळायला सरस लावण्याहून जास्त वेळ लागतो. मग वाटलं, आईला परत द्यायचं होतं म्हणून सुटं ठेवलं असेल. मग वाटलं, कधीतरी साहेबांची पाठ वळली की तुम्ही ते फिरवणार होता. किंवा कोणीतरी फिरवेल, काच पुसायला येणारा, नाहीतर पुढे कधी मी. आणि मग मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कारण हे असं विरोध करणं मला मान्य नाही. तोंडाने हो साहेब म्हणायचं, बायकोला चारचौघांत गप करायचं, आणि खाली कोणाला दिसणार नाही अशी चुंबळ ठेवायची. कोणाला कळणार होती ती? आईला कळली? मला? देखणाराले काय समजस, म्हणालात ना? मग ही खूण कुठल्या देखणाऱ्यासाठी ठेवलीत? एक वाक्य बोलायचं होतं, नाना. तुमच्यात तेवढं बळ नव्हतं, आणि होतं असं मला आता या चुंबळीवरून मानून घ्यायचं का? मी नाही मानत. निदान आज नाही.

मी चूल पुसली, खापर पालथं घातलं. ते बसलं बरोबर, चुलीच्या तिन्ही खुट्ट्यांवर, हललं नाही. थर्माकोल पिशवीत भरला. बाहेर येऊन काचेतून बघितलं, उभं राहून, मग एका बाजूला कलून, मग उकिडवी बसून. तिन्हीकडून दिसत होतं.

मुलांना मी नेहमी सांगते, जे दिसलं ते सगळं लिहा, तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं तर आधी लिहा. पाटीवर खापर सुटं असल्याचं लिहिलेलं नाही. मी मुलांनाही सांगितलेलं नाही. चुंबळ माझ्या पर्समध्ये आहे.

आणि घरी आले तर आई दारातच बसली होती, कैरीच्या फोडी करत. वर न बघता तिने विचारलं, "फिरायं का?"

"फिरायं."

"चिटकाडेल व्हतं ना?"

मी चप्पल काढत होते. म्हटलं, "हा. खरडीसन काढनं पडनं."

"माले माहीत व्हतं," आई म्हणाली, आणि मोठ्या समाधानाने तिने पुढची कैरी चिरली.